आधी इहराम उतरवा

(युवक-युवतींच्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या वेळापत्रकात या तासापुढे ‘प्रेरणा’ असं लिहिलं आहे. प्रेरणेची भाषणं तुम्ही मोबाइलवर भरपूर ऐकली असतील. दहा मिनिटं अंगावर काटा येतो, आणि रात्री पुन्हा तेच छत आणि तोच पंखा. तसलं भाषण मला जमत नाही आणि त्याचा फारसा उपयोगही होत नाही. म्हणून ठरवलेलं सगळं फिसकटलं आहे, नवीन काही ठरत नाही आणि हातून कामच होत नाही, अशा अवस्थेबद्दलच सरळ बोलू या.

सकाळी तुमच्याकडून नाव न घालता चिठ्ठ्या घेतल्या होत्या. एकाने लिहिलंय, राज्यसेवेचे तीन अटेम्प्ट झाले, पुण्यातली खोली सोडवत नाही आणि गावी जाववत नाही. एकाचं पोलीस भरतीचं ग्राउंड निघालं, लेखी परीक्षेत दोन मार्कांनी गेला. एकाने आखाती देशात जायचं म्हणून नोकरी सोडली, एजंट पैसे घेऊन गायब झाला. एकीने लिहिलंय, नीटमध्ये नंबर लागला नाही, अब्बा म्हणाले, एक वर्ष दिलं होतं, आता स्थळं बघू. आणि बऱ्याच चिठ्ठ्यांवर एकच वाक्य आहे: ‘काही करावंसंच वाटत नाही.’

या वाक्यापासूनच सुरुवात करू.

हुदैबियात काय झालं

आपल्या सगळ्यांना माहीत असलेली एक हकीकत आहे. आपण ती ऐकतो ती तहाची गोष्ट म्हणून. आज तिचा शेवटचा भाग नीट बघू.

हिजरी सन 6, म्हणजे इसवी सन 628. पैगंबर मुहम्मद (स.) सुमारे 1400 साथीदारांना घेऊन मदीनेहून उमऱ्यासाठी निघाले. लढाईचा इरादा नव्हता. अंगावर इहराम होता, सोबत कुर्बानीची जनावरं होती. यातल्या अनेकांनी हिजरत करून मक्का सोडली होती. आपलं गाव, आपला काबा इतक्या वर्षांनी दिसणार होता. मक्केच्या अगदी जवळ, हुदैबियाला, कुरैशांनी त्यांना अडवलं. बोलणी झाली, तह लिहिला गेला. अट अशी की या वर्षी आल्या पावली परत जायचं, पुढच्या वर्षी यायचं आणि तीनच दिवस राहायचं. इतरही अटी होत्या, त्या साथीदारांच्या जिव्हारी लागल्या. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्या माणसाने उघडपणे प्रश्न विचारले.

तह झाल्यावर पैगंबरांनी सांगितलं, उठा, इथेच कुर्बानी करा आणि केस उतरवा. म्हणजे इहराम सोडा, प्रवास इथे संपला. कोणीही उठलं नाही. तीन वेळा सांगितलं, तरी कोणी उठलं नाही.

ही माणसं कोण होती ते लक्षात घ्या. त्यांनी घरदार सोडलं होतं, उपासमार काढली होती, आणि थोड्याच दिवसांपूर्वी तिथल्याच एका झाडाखाली हातात हात देऊन जीव पणाला लावायची शपथ घेतली होती. अशी माणसं एका जागी बसून राहिली. त्यांना आळशी म्हणता येईल का? त्यांचा ईमान कच्चा होता असं म्हणता येईल का? मनाशी घट्ट धरलेला बेत डोळ्यांसमोर मोडतो तेव्हा चांगल्यातला चांगला माणूसही जागचा हलत नाही. तुमचंही तेच झालंय. त्याची लाज बाळगू नका.

पैगंबर तंबूत गेले. तिथे त्यांच्या पत्नी हजरत उम्मे सलमा (रजि.) होत्या. झालेला प्रकार त्यांनी ऐकला आणि सल्ला दिला. सल्ला असा की बाहेर जा, कोणाशी एक शब्दही बोलू नका, आपलं जनावर कुर्बान करा आणि न्हाव्याला बोलावून आपले केस उतरवा. पैगंबरांनी तसंच केलं. ते पाहिलं आणि सगळे उठले. कुर्बान्या झाल्या, लोक एकमेकांचे केस कापू लागले.

बेत मोडल्यावर उठायचं कसं, हे मला या प्रसंगाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. सांगून कोणी उठलं नाही. समोर एक साधं, हातांनी करायचं काम सुरू झालं, तेव्हा सगळे उठले. त्या क्षणी त्यांचं दुःख संपलं असेल का? मुळीच नाही, ते दुःखातच उठले. आपण उलटं धरून बसतो. आधी मन तयार होईल, मग काम करू, असं म्हणतो. मानसोपचारातसुद्धा उदास माणसाला हेच शिकवतात: मन लागायची वाट बघू नका, छोटं काम वेळ ठरवून करा, मन मागाहून येतं. उम्मे सलमांनी हे चौदाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

इहराम अजून अंगावर आहे

आता पुढची गोष्ट. उठून त्यांनी पहिलं काम कोणतं केलं? इहराम सोडला. म्हणजे मोडलेला बेत रीतसर बंद केला.

इहरामात असताना रोजचं आयुष्य थांबलेलं असतं. केस कापायचे नाहीत, अत्तर लावायचं नाही, लग्न करायचं नाही. प्रवास चालू आहे तोवर त्याला अर्थ आहे. पण प्रवास संपला आणि इहराम अंगावरच राहिला, तर माणूस धड प्रवासात नाही आणि धड घरी नाही. आपल्यातले अनेकजण असेच बसले आहेत. परीक्षा संपली, निकाल लागला, वय किंवा पैसे संपले, तरी खोली सुटत नाही. अभ्यासिकेची फी भरलेली आहे म्हणून तिथे जाऊन मोबाइल बघत बसायचं. मेव्हण्याच्या लग्नाला जायचं नाही, कारण लोक ‘काय झालं?’ विचारतील. मित्रांचे फोन घ्यायचे नाहीत. सगळं ‘पोस्ट निघाल्यावर’.

म्हणून पहिला सल्ला असा: बंद झालेलं बंद करा, आणि ते हातांनी करा. मनातल्या मनात ठरवून ते होत नाही. निकाल काय लागला ते घरी एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. खोलीचं डिपॉझिट परत घ्या. यापुढे लागणार नाहीत ती पुस्तकं धाकट्या कोणाला तरी देऊन टाका. एजंटने फसवलं असेल तर पावत्या आणि मेसेज एका फाइलमध्ये लावा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पैसे लगेच मिळतील असं नाही, पण ‘माझ्याबाबत काय झालं’ हे कागदावर येईल. वाईट वाटायचं असेल तर त्या दिवशी मनसोक्त वाईट वाटू द्या. पण तो दिवस ठरवा.

बंद करणं म्हणजे हार मानणं, असं कोणाला वाटत असेल तर हुदैबियाचा पुढचा भाग आठवा. पुढच्या वर्षी, 629 मध्ये, उमरा झाला. जागा तीच होती, पण प्रवास नव्याने सुरू झाला, पुन्हा मदीनेपासून, नवा इहराम बांधून. हुदैबियाला जुनाच इहराम धरून बसलेला माणूस तिथे पोहोचला नसता.

नेमकं काय मोडलं?

बेत मोडला की आपण म्हणतो, सगळं संपलं. जरा थांबून बघा. बेतात तीन गोष्टी असतात. तारीख, रस्ता आणि मुक्काम. यातली कोणती मोडली?

कधी फक्त तारीख मोडते. 25 ऑगस्ट 2024 ला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली. मुलं पुण्यात रस्त्यावर बसली, आयोगाने पूर्वपरीक्षा पुढे ढकलली. तारखेसाठी झुरत बसण्यापेक्षा मिळालेल्या महिन्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरतो.

कधी रस्ता मोडतो, आणि तो आपण मोडलेला नसतो. जुलै 2014 मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून मुस्लिमांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण दिलं. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातलं चालू ठेवलं. पण तोवर सरकार बदललं होतं. वटहुकमाचा कायदा झाला नाही, तो संपला. पुढे डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने पीएच.डी. करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं संसदेत सांगितलं. त्या भरवशावर ज्यांनी बेत आखले होते, त्यांची काय चूक होती? ‘माझ्यातच काहीतरी कमी’ हे वाक्य अशा वेळी खोटं असतं. आणि ‘नशिबात नव्हतं’ हेही अपुरं असतं. वटहुकमाचा कायदा करायचा की नाही, फेलोशिप चालू ठेवायची की नाही, हे माणसांनी टेबलावर बसून ठरवलेलं असतं. असं रस्त्याचं दुखणं एकट्याने सहन करायचं नसतं. त्याबद्दल मिळून बोलायचं, अर्ज करायचे, मत देताना लक्षात ठेवायचं असतं. आणि दरम्यान स्वतःसाठी दुसरा रस्ता शोधायचा असतो.

आणि मुक्काम? तो फार कमी वेळा मोडतो. त्यासाठी स्वतःला विचारा, मला ते पद कशासाठी हवं होतं? गाडी आणि दिव्यासाठी हवं असेल तर खरंच अवघड आहे. पण वस्तीत पाणी यावं, शाळेत शिक्षक असावेत, घरात नियमित पैसा यावा, म्हणून हवं असेल तर तिकडे जाणारे रस्ते अजून आहेत. लांबचे आहेत, कमी मानाचे आहेत, पण आहेत.

51 वर्षांचा बेत

मुक्काम तोच आणि रस्ते बदलत राहिले, याचं आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण बघा.

हमीद दलवाई मूळचे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 ला त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद व्हावा, ही त्यांची एक मागणी होती. फक्त सातजणी. 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. सात वर्षांत, 3 मे 1977 ला, दलवाई गेले. वय 44. बेत मोडण्याचं यापेक्षा मोठं कारण कोणतं असेल? तरी मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई आणि इतर साथींनी काम सोडलं नाही. 1985 मध्ये शहाबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा हक्क मान्य केला. आता झालं, असं वाटलं. पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, संसदेने कायदा करून त्या निकालाची धार काढून घेतली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. सय्यदभाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘दगडावरची पेरणी’ हे नाव उगाच दिलं नाही.

22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. सात महिलांच्या मोर्चापासून 51 वर्षांनी. हा निकाल उत्तराखंडच्या शायरा बानो आणि इतर महिलांच्या याचिकांवर आला. मेहरुन्निसाभाभी तो बघायला नव्हत्या, त्याच वर्षी जूनमध्ये त्या गेल्या होत्या. दलवाईंची सगळी मतं तुम्हाला पटावीत असं मी म्हणत नाही, त्यांच्याशी भांडणारे आपल्या चळवळीतही आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. या माणसांना मधल्या वर्षांत, काहीच जिंकत नसताना, सकाळी उठून कामाला जायला कशाने लावलं?

माझं उत्तर असं आहे की दारात कोणीतरी वाट बघत असायचं. कायदा बदलत नव्हता, पण तलाक दिलेली एखादी बाई मूल कडेवर घेऊन आलेली असायची. तिचा अर्ज लिहायचा असायचा, तिच्यासोबत वकिलाकडे जायचं असायचं. त्या दिवसाचं काम त्या दिवशी समोर यायचं. ‘मला आज वाटतंय का’ या प्रश्नाला तिथे जागाच नसते.

कोण वाट बघतंय?

म्हणून दुसरा सल्ला: असं एक काम घ्या ज्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसला आहे. स्वतःसाठी केलेलं वेळापत्रक आपण तिसऱ्या दिवशी मोडतो. पण रविवारी दहा वाजता एक मुलगी कागद घेऊन येणार आहे हे माहीत असलं, तर पाय आपोआप निघतात.

आणि अशी कामं आपल्या मोहल्ल्यात ढिगाने आहेत. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारांनी लिहिलं जातं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि मग फॉर्म अडकतो. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचं जुनं रजिस्टर कोण शोधणार? तुम्ही दोन-तीन वर्षं स्पर्धा परीक्षा केली आहे. राज्यघटना वाचली आहे, सरकारी भाषा समजते, ऑनलाइन फॉर्म झोपेत भरता येतो. तुम्हाला वाटतं वर्षं वाया गेली. तुमच्या गल्लीत ही माहिती असलेला दुसरा माणूस कदाचित नसेल. भरतीत गेलेल्या मित्राला तर मी म्हणेन, तू 1600 मीटर धावायचा सराव केला आहेस. सकाळी सहाला मैदानावर जा आणि चार धाकट्या मुलांचा सराव घे. त्यांच्यासोबत तूही धावशील.

हे फुकट राबण्याचं आमंत्रण नाही. घरात पैसा लागतो, तो आधी. दुकानात बसावं लागलं, डिलिव्हरी करावी लागली, तर करा, त्यात कमीपणा नाही. पण आठवड्यातले दोन तास अशा कामाला द्या.

मुलींसाठी, आणि अम्मी-अब्बांसाठी

आता त्या नीटच्या चिठ्ठीकडे येतो. मुलाचा अटेम्प्ट गेला तर त्याला पुढचा मिळतो. मुलीचा गेला तर बऱ्याच घरांत तिची तारीख, रस्ता आणि मुक्काम, तिन्ही दुसरं कोणीतरी ठरवतं. तिला ‘हिंमत ठेव’ एवढंच सांगून मी मोकळा झालो तर तो अन्याय होईल. बाई, तुझ्यापुढचा पहिला प्रश्न वेळ मिळवण्याचा आहे. घरात ‘मला डॉक्टर व्हायचंय’ एवढ्यावर बोलणी थांबवू नकोस. बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, बी.एस्सी., यातल्या जमणाऱ्या दोन गोष्टींची फी, कॉलेजचं अंतर आणि वसतिगृह एका कागदावर लिहून अब्बांसमोर ठेव. एकटी बोलू नकोस. खाला, मामू, शाळेतल्या बाई, ज्यांचा शब्द घरात चालतो त्यांना सोबत घे. चळवळीतल्या बाजींना बोलाव, त्या घरी येऊन बसतील. हे त्यांचं कामच आहे.

आणि हे भाषण कोणी अम्मी-अब्बा वाचत असतील तर त्यांना एक विनंती. निकालानंतरचे काही दिवस ‘शेजारच्याचा बघ’ हे वाक्य घरात नको. हुदैबियाला न उठलेल्या माणसांना कोणी टोमणे मारले नव्हते.

शेवटचं आणि महत्त्वाचं. अडकणं वेगळं आणि आजार वेगळा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक गेली आहे, कशातच रस नाही, स्वतःला संपवावं असे विचार येत आहेत, तर तिथे माझं किंवा कोणाचंही भाषण पुरत नाही, आणि ‘दुआ कर, ठीक होईल’ एवढंही पुरत नाही. दुआ करा आणि डॉक्टरकडेही जा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये ठेवा. स्वतःला लागला नाही तरी मित्राला लागेल.

आता चहाची सुट्टी आहे. त्याआधी एक काम. शेजारी बसलेल्याकडे वळा आणि एका कागदावर दोन ओळी लिहा. पहिली, या आठवड्यात मी कोणती गोष्ट रीतसर बंद करणार, वार टाकून. दुसरी, या आठवड्यात मी कोणाचं कोणतं काम करून देणार, त्या माणसाचं नाव टाकून. कागद शेजाऱ्याला द्या, त्याचा तुम्ही घ्या, फोन नंबरही घ्या. पुढच्या रविवारी त्याने तुम्हाला फोन करायचा आहे आणि तुम्ही त्याला. हुदैबियातही लोकांनी एकमेकांचेच केस कापले होते.